डाव्या मागच्या चाकाचे तीन स्टड

त्या हिवाळ्यात आमची वर्कशॉप डिटॅचमेंट, म्हणजे गाड्या दुरुस्त करणारी तुकडी, लडाखमध्ये होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. नाईक विकास ठोंबरे माझ्याच सेक्शनला होता, तोही मेकॅनिक. माझं गाव कळस, त्याचं कळंब. दोन्ही इंदापूर तालुक्यात. फौजेत आपल्या तालुक्याचा माणूस भेटला की भाऊबंदकीशिवायचा भाऊ मिळाल्यासारखं होतं.

सकाळी गाड्या सुरू करणं हे आमचं पहिलं काम. तिथल्या थंडीत डिझेल घट्ट होतं, बॅटरी मरते, उघड्या हाताने पाना धरला तर कातडी पान्याला चिकटते. दुपारपर्यंत गाड्या चालू व्हायच्या, दुपारनंतर रिपेअर, संध्याकाळी पुन्हा चेकिंग. रोज हेच. विकास कामाला वाघ होता आणि तोंडाने फाटका. आमच्या सुभेदार कदम साहेबांची नक्कल तो इतकी हुबेहूब करायचा की एकदा फोनवर त्याने मला झापलं आणि मी दोन मिनिटं ‘येस साहेब, येस साहेब’ करत राहिलो. मग मी त्याला जादा ड्यूटी लावली. ती करताना तो माझी नक्कल करत होता.

माझी वार्षिक रजा मंजूर झाली आणि मी कळसला आलो. आठवडाभरात वरून फोन आला. आमची एक अँब्युलन्स बर्फात फसली होती. ती काढायला रिकव्हरी गाडी गेली, अँब्युलन्स निघाली, पेशंटसकट पुढे गेली. विकास मागे राहून गाडी ओढायच्या विंचचा दोर गुंडाळत होता, तेवढ्यात वरचा बर्फाचा कडा खाली आला.

तो सापडायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी रोज कळसहून कळंबला जायचो आणि त्याचा थोरला भाऊ संतोष याच्याजवळ बसून यायचो. संतोष शेती करतो, हंगामात ट्रॅक्टरने कारखान्याला ऊस ओढतो. वडील नाहीत, घरचा कर्ता तोच. मी रजेवर नसतो तर त्या दोराशी मी असतो, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत असणार. त्याने एकदाही ते दाखवलं नाही. मला मात्र त्याच्या घरचा चहा घशाखाली उतरत नव्हता.

शेवटी कदम साहेबांचा फोन आला. विकास सापडला होता. साहेब स्वतः त्याला घेऊन येत होते. पुण्याहून रस्त्याने, दुपारी चारपर्यंत कळंब.

“त्याच्या आईला तू आण,” साहेब म्हणाले. “दुसरं काही बघू नकोस. ती तुझी ड्यूटी.”

“येस साहेब.”

विकासची आई तेव्हा कळंबला नव्हती. ती जळोचीला लेकीकडे होती. गोठ्यात पाय घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, बारामतीत ऑपरेशन करून प्लेट टाकली होती. डॉक्टरांनी न्यायला परवानगी दिली ती एका अटीवर. आडवी झोपवून न्यायचं, पाय वाकता कामा नये. म्हणून संतोषने चुलतभावाची जुनी सात सीटची गाडी मागून घेतली, मागच्या सीटा पाडून गादी अंथरली, गाडी धुतली. सकाळी डावं मागचं चाक पंक्चर निघालं तर स्वतःच्या हाताने स्टेपनी चढवली. मी ती गाडी कळंबहून घेतली आणि जळोचीला गेलो.

तिला मी मावशी म्हणतो. ती मला मेजर म्हणते. आमच्याकडे फौजेतला प्रत्येक माणूस मेजरच असतो, हवालदार वगैरे कुणाच्या गावी नसतं. चौघांनी धरून तिला गाडीत ठेवलं तेव्हा तिने माझी बाही धरली आणि एवढंच विचारलं, “तोंड दावत्यात न्हवं? का नुसती पेटीच?”

हे मी साहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं. तोंड दाखवणार होते, पण थोडाच वेळ. बर्फातून काढलेला देह आपल्या हवेत टिकत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तोंड बघायला मिळेल, मात्र दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे, कारण गावच्या जाणत्या मंडळींनी तसं ठरवलंय. आमच्याकडे दिवस बुडाल्यावर अग्नी देत नाहीत. तिने मान हलवली आणि बाही सोडली. लेकाचं तोंड तिने वर्षभर पाहिलं नव्हतं.

तीनच्या सुमारास जळोची सोडली. विकासची बहीण मंगल आईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली होती. गाडी मी बेताने चालवत होतो. प्रत्येक खड्ड्याला मावशी दात आवळायची, आवाज काढायची नाही. उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर इंदापूर रस्त्याला वाहन दिसत नव्हतं. आजूबाजूच्या गावांनी विकाससाठी बंद पाळला होता. दुकानांची शटरं खाली, चौकाचौकात त्याच्या फोटोचे फलक. जो तो आपापली गाडी घेऊन आधीच कळंबला गेला होता.

सणसर मागे पडलं आणि थोड्या वेळाने गाडीचं बूड डोलायला लागलं. मग डावीकडून मागे टक्, टक्, आणि एक मोठा ठोका. मी ब्रेक न दाबता गाडी हळूहळू कडेला घेतली. उतरून पाहिलं. डाव्या मागच्या चाकाच्या पाच स्टडपैकी तीन मुळातून तुटले होते. उरलेल्या दोघांवर चाक वाकडं लोंबत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चाकाचे नट ज्या दांड्यांवर बसतात ते स्टड. ते गेले की चाक गेलं.

सेवेत मी याहून वाईट जागी याहून मोठ्या गाड्या उभ्या केल्या आहेत, पण तेव्हा मागे ट्रकभर सामान असायचं आणि हाताखाली विकास. इथे जॅक होता, चाकाचा पाना होता, बाकी काही नव्हतं.

संतोषला फोन लावला. गाड्यांनी कळंबचा रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता, तिथून सायकलसुद्धा उलटी निघत नव्हती. अँब्युलन्स होती, तीही त्याच गर्दीत अडकलेली. सणसरच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मेजर, मी तर विकासच्याच मातीला आलोय.” त्याच्या गॅरेजची किल्ली त्याच्या खिशात होती. विकासच्या मानासाठी सगळ्यांनी दुकानं बंद ठेवली होती आणि त्यामुळेच त्याच्या आईच्या गाडीला एक स्टड मिळत नव्हता. कुणाचा राग करावा ते मला कळेना.

एक गुरुजी छोट्या गाडीतून येताना थांबले. हकीकत ऐकून लगेच उतरले, मागचं दार उघडून म्हणाले, “घाला आईंना.” आम्ही प्रयत्न केला. पाय सरळ ठेवून ती त्या सीटवर मावेना. पाय जरा वाकला तशी ती अशी ओरडली की मंगलनेच आम्हाला थांबवलं. मी गुरुजींना म्हटलं, तुम्ही पुढे जा आणि लोकांना सांगा, आई येतेय. ते डोळे पुसत गेले.

फोन वाजला. कदम साहेब.

“पोझिशन?”

“सणसरच्या पुढे, साहेब. गाडी डाऊन. लेफ्ट रिअर, तीन स्टड तुटले.”

“स्पेअर?”

“नाही.”

“किती वेळ?”

“सांगता येत नाही, साहेब.”

“ते उत्तर नाही, हवालदार.”

मी सूर्याकडे पाहिलं. “दिवस बुडताना पोचतो, साहेब.”

“मी इथं जेवढं धरता येईल तेवढं धरतो,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगल आणि मी, दोघांनी मिळून मावशीला गादीसकट अलगद उतरवून रस्त्याच्या कडेला झाडाखाली ठेवलं. ती आभाळाकडे बघत पडली. मग मी कामाला लागलो. मनात हिशेब झाला होता. उजव्या मागच्या चाकालाही तसेच पाच स्टड आहेत. त्यातले दोन काढून डावीकडे बसवायचे. उजवीकडे तीन राहतील, डावीकडे चार होतील. एवढ्यावर हळू गाडी जाते. पण स्टड आतल्या बाजूने ठोकून बसवलेले असतात. ते बाहेर काढायला हातोडा लागतो, नव्याला ओढून बसवायला वॉशर लागतात. मी रस्त्यात उभा राहून उसाचा ट्रॅक्टर अडवला. चालक बापू नावाचा गडी होता. आधी शिवी देणार होता, झाडाखालची मावशी कुणाची कोण हे कळल्यावर चप्पल काढून तिच्या पाया पडला आणि ट्रॉलीच्या पेटीतून दोन किलोचा हातोडा आणि मूठभर वॉशर घेऊन आला.

चाक काढलं. ब्रेकचा ड्रम गंजाने धरला होता, तो चारही बाजूंनी ठोकून सोडवला. तुटलेल्या स्टडची मुळं आत ठोकली. मागच्या पत्र्यात एकाच ठिकाणी स्टड बाहेर पडेल एवढी फट होती, म्हणून दर खेपेला स्टडची चकती फिरवून नेमकं भोक तिथे आणायचं.

एक तुटका तुकडा मी उन्हात धरून पाहिला. जिथे तुटला तिथे मान बारीक झालेली होती, ओढलेल्या गुळाच्या पाकासारखी. जुना होऊन तुटलेला स्टड असा दिसत नाही. तो ताणून तुटला होता. तेवढ्यात बापू पाना शोधायला गाडीत वाकला आणि पुढच्या सीटखालून हातभर लांब लोखंडी पाईप काढून म्हणाला, “ह्यो हाय की तुमच्याच गाडीत. आवळताना पान्याला लावा अन् वर उभं ऱ्हावा. आमी ट्रॉलीचं चाक असंच आवळतो.”

पाईपाच्या तोंडावर पान्याचा ताजा चरा होता.

मला सगळं समजलं. उसाची ट्रॉली टनावारी ओझं ओढते, तिचे स्टड अंगठ्याहून जाड. तिथे पाईप लावून वर उड्या मारल्या तरी चालतं, आमच्या भागात सगळे तसंच करतात. कारच्या स्टडला तो जोर लावला की लोखंड आतून लांबतं आणि पुढच्या खड्ड्याची वाट बघत बसतं. संतोषने हे एरवी केलंही नसतं. त्या दिवशी त्या गाडीत त्याची आई झोपून येणार होती, म्हणून त्याने अंगातला होता नव्हता तेवढा जोर त्या चाकावर लावला होता. अति तिथं माती म्हणतात, ती अशी.

मंगल आईजवळून उठून आली होती. ती पाईपाकडे बघत म्हणाली, “दादा सकाळी फोनवर म्हणला, आईसाठी चाक असलं आवळलंय की बघायलाच नको. त्येनंच तर न्हाय न तुटलं?”

“न्हाय,” मी म्हणालो. “स्टड जुनेच हुते.”

एवढ्या वर्षांत खोटा फॉल्ट रिपोर्ट मी तो एकच दिला. मंगल परत आईकडे गेली तसा मी पाईप रस्त्यापलीकडच्या कॅनॉलात फेकून दिला. बापूने ते पाहिलं. तोही गाडीला हात लावणारा माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

उजव्या चाकाचे दोन स्टड काढताना उन्हं उसाच्या तुऱ्यांवर आली. स्टड डावीकडे भोकात घातला, वर वॉशरांची चळत, त्यावर नट उलटा घालून आवळत गेलो. नट फिरतो तसा स्टड आतून थोडा थोडा वर येतो. घाई केली तर आटे जातात. मागून मावशीचा आवाज यायचा, “मेजर, ऊन कुठवर आलं?” आणि मी दर वेळी म्हणायचो, हाय अजून. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मान वळवून तिने स्वतःच पाहिलं आणि डोळे मिटले. तेव्हा माझा धीर सुटला. मी चाकाला डोकं टेकून रडलो. बापूने माझ्या हातातून पाना काढून घेतला, फक्त हाताच्या जोराने, समोरासमोरचे नट धरून पुरे आवळले, आणि माझ्या खांद्यावर थापटलं.

मावशीला पुन्हा गाडीत ठेवलं तेव्हा सूर्य उसाआड जायला आला होता. बापू ट्रॉली तिथेच सोडून आमच्या मागे नुसता ट्रॅक्टर घेऊन निघाला, चाक निघालंच तर आपण असावं म्हणून. सात स्टडवर मागची दोन चाकं. मला तीसच्या वर जाता येत नव्हतं. रस्ता मोकळा होता, पाय ॲक्सिलरेटरवर होता, आणि तो दाबायचा नव्हता. असा छळ शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. जंक्शन गावाला वळलो, वालचंदनगर ओलांडलं. दर दोन-तीन किलोमीटरला उतरून नटांना हात लावून बघत होतो. मंगल आईच्या केसांवरून हात फिरवत होती.

कळंबच्या अलीकडे बंदुकांचे आवाज ऐकू आले. सलामी. मावशीलाही ते ऐकू गेले. ते कशाचे हे तिने विचारलं नाही.

पुढे काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. कदम साहेबांनी पुष्पचक्रं एकेक करून, प्रत्येकाचं नाव, हुद्दा, गाव नीट विचारून वाहायला लावली होती. ज्यांना पुढे जायचं होतं ते पुढारी चुळबुळ करत होते. साहेबांनी सलामीच्या गार्डला एकदा उभं केलं, पुन्हा विश्राम दिला, पुन्हा ड्रेसिंग घेऊन रांगा सरळ केल्या. आयुष्यभर ज्या माणसाने एका सेकंदाच्या उशिरासाठी आमची कातडी सोलली, त्याने त्या दिवशी ड्रिल ओढून ओढून लांबवलं. शेवटी तेही संपलं. देह चितेवर ठेवला, तोंडावर कापड ओढलं. संतोषच्या हातात पेटती चूड दिली. तो चूड घेऊन उभा राहिला आणि हलेना. भावकीतले म्हातारे तात्या त्याला सांगत होते, लेका, दिवस बुडाला, रीत मोडू नको. तो एवढंच म्हणत होता, “आई येतीया.”

गाडी गर्दीत अडली. मी उतरून ओरडलो, “विकासची आई हाय.” गर्दी दुभंगली. कुणीतरी खाट आणली. चार, आठ, मग मोजता येणार नाहीत इतके हात लागले आणि मावशी लोकांच्या डोक्यांवरून आडवी तशीच चितेपर्यंत गेली. खाट उंच धरून ठेवली होती. ती त्याच्या बरोबरीला आली. कदम साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि साहेबांनी स्वतः ते कापड बाजूला केलं.

मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. बर्फाने चेहरा काळवंडला होता, गाल आत गेले होते, नाक वेगळंच दिसत होतं. मी त्याच्याशेजारी वर्षभर झोपलो होतो, जेवलो होतो, आणि मला एक क्षण तो ओळखू आला नाही. मग भुवईजवळचा व्रण दिसला. इंजिनाचं झाकण लागलं होतं, टाका मीच घालायला लावला होता.

मावशी बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान वळवली. संतोषकडे नाही, मंगलकडे नाही. माझ्याकडे.

“मेजर, तुमी संगं हुतासा त्याच्या. ह्यो माझा इकासच हाय न्हवं?”

फौजेत मी खूप जणांना खूप रिपोर्ट दिले. त्या उत्तराइतकं जड काही उचललं नाही.

“व्हय मावशी. आपला विकासच.”

तिने हात लांब करून त्याच्या गालावर तळवा ठेवला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा ठेवला आणि तसाच राहू दिला.

“लई गार पडलाय,” ती म्हणाली. “किती दिस बर्फात हुता माझा लेक.”

दिवस केव्हाच बुडाला होता. तात्या पुढे झाले. मला वाटलं आता रीतीचं काढतील. त्यांनी संतोषच्या हाताखाली आपला हात घातला आणि चूड सावरून धरली. मावशीने गालावरचा हात काढला.

“संतोष, दे बाबा अग्नी,” ती म्हणाली. “ऊब लागू दे त्याला.”